मैदान आणि कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आणि खेळणाऱ्याने तर ती मुळीच चढू नये, असा आपला बाळपणापासूनचा समज असतो. विटी झेलली की जमिनीला लागली, आट्यापाट्यांत गड्याचा पाय पाटीबाहेर पडला की नाही, हुतूतूत दम तुटला की टिकला, या भांडणांचा निकाल जागच्या जागी लागतो. ज्याचा आवाज मोठा त्याचा न्याय, नाहीतर ज्याची विटी त्याचा न्याय. तोही जो मानीत नाही तो 'रडीचा' ठरतो आणि डावातून बाद होतो. दिवेलागणीला घरोघर हाका येऊ लागल्या म्हणजे फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी परततात. अपील नाही, वकील नाही, मुदतवाढ नाही. जगातले सर्वांत जलद न्यायालय कोठे असेल, तर ते गल्लीतल्या मैदानावरच!

असे असताना खेळाचा कायदा नावाचा एक विषय आज देशोदेशींच्या विद्यापीठांत शिकविला जातो, त्याची जाडजूड पुस्तके निघतात, परीक्षा होतात, पदव्या मिळतात, हे ऐकून पुष्कळांना कौतुकमिश्रित हसू येईल. अमेरिकेतील मिल्वॉकी शहरी मार्क्वेट विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात केवळ या विषयाला वाहिलेली संस्था १९८९ साली स्थापन झाली. इंग्लंडमधील अनेक विद्यापीठांनी तो आपलासा केला आणि भारतातल्या विधी विद्यापीठांतूनही तो ऐच्छिक विषय म्हणून रुळला. पण पदव्या आधी आल्या आणि तंटे मागाहून, असे झालेले नाही. आधी माणसे आली: कोणी रस्त्यावर उभी असलेली बाई, कोणी पगाराला गांजलेला फुटबॉलपटू, कोणी दाद मागणारा पहिलवान. त्यांच्या तंट्यांतून जे साठत गेले त्याचाच पुढे अभ्यासक्रम झाला. त्या माणसांची गोष्ट हाच या विषयाचा इतिहास होय.

मैदानाच्या रेषेच्या आत खेळाचे स्वतःचे राज्य असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बहुतेक खेळांच्या नियमांना इंग्रज 'रूल्स' म्हणतो. क्रिकेटच्या नियमांना मात्र तो 'लॉज' म्हणजे कायदे म्हणतो. हे कायदे लेखी स्वरूपात आले ते १७४४ साली. उमराव मंडळी सामन्यांवर मोठमोठ्या पैजा लावीत, आणि पैशाचा प्रश्न आला म्हणजे तोंडी व्यवहार पुरत नाही, हे व्यापाऱ्याप्रमाणे खेळाडूलाही कळते. त्या कायद्यांचा अर्थ लावणारा पंच हा मैदानावरचा सर्वाधिकारी. त्याने बोट वर केले की फलंदाजाने मान खाली घालून तंबूकडे चालू लागावे. पायचीत योग्य होते की अयोग्य, हे ठरविण्यास जगातले कोणतेही शहाणे न्यायालय तयार होणार नाही, आणि ते ठीकच आहे. न्यायाधीशाने पंचाचा कोट अंगात घातला, तर पाच दिवसांचा सामना पाच वर्षे चालेल.

मग कायदा मैदानात शिरला कोठून? मौज अशी की, आधी चेंडूच मैदानातून बाहेर पडला.

९ ऑगस्ट १९४७ चा दिवस. मँचेस्टरजवळ चीटम येथे १८६४ पासून क्रिकेटचे एक मैदान होते. त्या दिवशी पाहुण्या संघाच्या एका फलंदाजाने असा काही टोला हाणला की, चेंडू कुंपणावरून उडाला आणि जवळजवळ शंभर यार्डांवर, आपल्या घराच्या फाटकातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मिस स्टोन नावाच्या बाईंना लागला. त्यांनी क्लबावर दावा लावला. पहिल्या न्यायालयात त्या हरल्या, वरच्या न्यायालयात जिंकल्या आणि अखेर १९५१ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पुन्हा हरल्या. पुराव्यात असे निघाले की, सुमारे तीस वर्षांत चेंडू त्या रस्त्यावर गेला होता तो जेमतेम सहा वेळा. विधिपंडितांनी विचार केला तो असा: धोका कल्पनेत येतो एवढ्यावरून दोष लागत नाही, शहाण्या माणसाने ज्याची तजवीज करावी इतका तो धोका संभवनीय असावा लागतो. बाईंना वाईट वाटले असेल, पण कायद्याला एक मोजपट्टी मिळाली. आज कारखान्यातल्या यंत्रापासून रस्त्यावरच्या खड्ड्यापर्यंत निष्काळजीपणाचा विचार करताना विद्यार्थी त्या टोल्याची आठवण काढतात. एवढा लांब गेलेला षटकार दुसरा नसेल!

हा झाला खेळाबाहेरच्या माणसाला झालेल्या इजेचा प्रश्न. त्याहून गंभीर प्रश्न पुढे आला तो खेळणाऱ्याच्या पोटाचा.

१९६० साली न्यूकॅसल युनायटेड या इंग्लंडमधील नामांकित फुटबॉल क्लबाकडे जॉर्ज ईस्टहॅम नावाचा तरुण, कुशल खेळाडू होता. हजारोंच्या गर्दीपुढे तो खेळे. पण त्या काळी इंग्लंडमध्ये कितीही मोठ्या खेळाडूला हंगामात आठवड्याला वीस पौंडांपेक्षा अधिक पगार देण्याची बंदी होती. याहून जाचक होती ती 'राखून ठेवण्या'ची पद्धत. खेळाडूचा करार एका हंगामाचा. तो संपला तरी क्लबाने त्याचे नाव राखीव यादीत घातले की, त्याला दुसऱ्या कोणत्याही क्लबाकडे जाता येत नसे. नवा करार त्याने पत्करला नाही तर पगार देण्याचेही बंधन जुन्या क्लबावर नसे. गोठ्यातला बैल निदान वैरण तरी खातो. इथे दावे गळ्यात आणि वैरणही बंद!

ईस्टहॅमने क्लब बदलून मागितला. क्लबाने नकार दिला. त्याने खेळणे थांबविले आणि इंग्लंडच्या दक्षिण भागात एका परिचिताच्या धंद्यात बूच विकण्याची नोकरी धरली. काही महिन्यांनी न्यूकॅसलने नमते घेऊन त्याला सत्तेचाळीस हजार पाचशे पौंडांना आर्सेनल क्लबाकडे सोडले. दुसरा कोणी असता तर इथे देवाचे आभार मानून गप्प बसला असता. पण खेळाडूंच्या संघटनेने त्याला पाठबळ दिले आणि मोकळा झाल्यावरही त्याने दावा पुढे चालविला. संपाच्या धाकाने वीस पौंडांची मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये उठलीच होती. जुलै १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की, राखून ठेवण्याची आणि बदलीची ही जोडपद्धत म्हणजे माणसाच्या धंद्याला घातलेला अवाजवी अडसर आहे.

या निकालाचे महत्त्व असे की, खेळणे हा धंदा आहे आणि खेळाडू हा राबणारा माणूस आहे, ही गोष्ट त्यात उघडपणे मानली गेली. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे सत्ताविसावे कलम हेच सांगते: कोणालाही आपला कायदेशीर व्यवसाय करण्यास अडविणारा करार तेवढ्यापुरता रद्द. खेळ ही मौज आहे, तेव्हा खेळणाऱ्याने मीठभाकरीचे बोलू नये, हा संभावितपणा यापुढे टिकणार नव्हता. १९७७ साली ऑस्ट्रेलियातील धनिक केरी पॅकर याने जगातले नामवंत क्रिकेटपटू आपल्या सामन्यांसाठी करारबद्ध केले, तेव्हा क्रिकेटच्या धुरीणांनी त्यांच्यावर बंदी घालण्याचे ठरविले. टोनी ग्रेग, माईक प्रॉक्टर आणि जॉन स्नो लंडनच्या न्यायालयात गेले. एकतीस दिवस सुनावणी चालली आणि बंदी बेकायदा ठरली. बेल्जियमचा फुटबॉलपटू बोसमन याचा लिएज क्लबाशी असलेला करार १९९० साली संपला. क्लबाने त्याला महिना तीस हजार फ्रँक देऊ केले. आधी त्याला बक्षिसांसह सुमारे एक लाख वीस हजार मिळत. तो फ्रान्समधल्या डंकर्क क्लबाकडे जाऊ लागला, तर बदलीच्या पैशांसाठी त्याला अडविण्यात आले. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की, करार संपलेल्या खेळाडूवर अशी खंडणी मागणे हे युरोपात कोठेही जाऊन काम करण्याच्या त्याच्या हक्काविरुद्ध आहे. त्या निकालावर पुढच्या पिढीतले खेळाडू गबर झाले. बोसमनचे स्वतःचे उमेदीचे दिवस मात्र त्या पाच वर्षांत सरून गेले होते. कायद्याची झाडे लावणारा बहुधा त्यांची फळे खात नाही.

इथवर गोष्ट विलायतेची झाली. पण आपल्या मराठी मुलखातही अन्याय सोसलेल्या खेळाडूंची वाण नव्हती. वाण होती ती दाद मागण्याच्या जागेची.

पालवणकर बंधूंची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. बाळू पालवणकर हा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात तो गोऱ्या साहेबांना गोलंदाजी टाकी आणि मुंबईत हिंदूंच्या संघाला सामने जिंकून देई. पण जन्म चर्मकार समाजातला, म्हणून चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात आणि कर्णधारपद तर स्वप्नातही नाही. १९२० साली त्याला डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी खेळण्यास नकार दिला आणि आपली बाजू जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडली. कोणत्या न्यायालयात ते जाणार होते? जिमखाना हा खाजगी, निवड समिती खाजगी आणि अपमान मात्र सार्वजनिक. त्यांच्या हाती एकच शस्त्र होते, ते म्हणजे न खेळणे. लोकमताचा रेटा वाढत गेला आणि १९२३ साली विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला. बाळूला ते पद कधीच मिळाले नाही.

दुसरी कथा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरची. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड होताना आपल्याला गुणांत मागे टाकले गेले, असे त्यांना वाटले. त्यांनी दाद मागितली ती पतियाळाच्या महाराजांकडे. कारण महाराज यादवेंद्रसिंग हे भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला पाडून आपला हक्क सिद्ध केला. प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, ही आठवण त्या भागात आजही कृतज्ञतेने सांगितली जाते. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथेही एक रुखरुख राहिली, ती अशी सांगतात: जपानच्या इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो नियम पुढे करून बोलायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. नियम पुस्तकात होता आणि मल्ल गादीवर होता. मध्ये बोलणारे तोंड नव्हते.

खेळाच्या कायद्याचा सारा प्रपंच या न बोललेल्या शब्दासाठी आहे, असे मला वाटते. खाशाबांची निवड झाली ती महाराज न्यायी निघाले म्हणून. ते आखडू निघाले असते तर? न्याय मिळणे हे एखाद्याच्या भलेपणावर अवलंबून असेल, तर त्याला कृपा म्हणावे, हक्क म्हणू नये.

खाशाबांचे अपघाती निधन १९८४ च्या ऑगस्टमध्ये झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी क्रीडा लवाद न्यायालय सुरू झाले. साऱ्या जगातल्या खेळाडूंचे आणि संघटनांचे तंटे तिथे ऐकले जावेत, अशी कल्पना. आरंभी त्याचा खर्च आणि कारभार आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्याच हाती होता. पाटलाच्या ओसरीवर पाटलाविरुद्धचा तंटा कसा चालणार, अशी शंका निघालीच. गुंडेल नावाच्या जर्मन घोडेस्वारावर घोड्याला दिलेल्या औषधावरून कारवाई झाली होती. तो स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९३ साली तो हरला, पण ऑलिंपिक समितीशी असलेल्या या नात्यावर न्यायाधीशांनी बोट ठेवले आणि १९९४ साली लवाद न्यायालय वेगळ्या मंडळाच्या हाती देण्यात आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून या न्यायालयाची एक तुकडी थेट स्पर्धेच्या गावीच मुक्काम ठोकून बसू लागली. उद्या शर्यत आणि पुढच्या महिन्यात निकाल, यात अर्थ नव्हता.

या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि कठोरपणा दोन्ही एकदम पाहायचे असतील, तर २०१६ साल पाहावे. मुंबईत वाढलेला, तीनदा 'महाराष्ट्र केसरी'ची गदा जिंकलेला नरसिंग यादव याने ७४ किलो गटात भारताची ऑलिंपिकमधील जागा मिळविली होती. दोन ऑलिंपिक पदके नावावर असलेल्या सुशीलकुमारने निवडीसाठी चाचणी कुस्ती व्हावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. खाशाबांनी महाराजांकडे जे मागितले होते, तेच चौसष्ट वर्षांनी आता न्यायमूर्तींकडे मागितले गेले. न्यायालयाने बाजू ऐकून घेतली आणि नकार दिला. कोणता मल्ल पाठवावा हे ठरविणे हे तज्ज्ञ संघटनेचे काम. तिने मनमानी केली असेल तरच न्यायालय हात घालील, असा त्याचा आशय.

पण नरसिंगची सत्त्वपरीक्षा पुढेच होती. त्याच्या तपासणीत निषिद्ध द्रव्य सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे. १ ऑगस्टला भारतातील 'नाडा'च्या मंडळाने ते मानून त्याला मोकळे केले. जागतिक संस्था 'वाडा' हिने त्यावर लवादाकडे अपील केले, आणि १८ ऑगस्टला, कुस्ती अवघ्या एका दिवसावर आली असता, रिओ शहरीच निकाल लागला: चार वर्षांची बंदी. उत्तेजकांच्या कायद्यात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. दुसऱ्याने घातपात केला म्हणावे, तर ते पुराव्याने सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच. हा नियम कडक आहे खरा. पण तो सैल केला, तर लबाडाला पळवाट मिळते. आवळला, तर एखादा निरपराधही चिरडला जाण्याचे भय. विद्यापीठातल्या वर्गात या एका प्रश्नावर तासन् तास खल होतो आणि दोन्ही बाजूंना शहाणी माणसे असतात.

उलट, त्याच लवाद न्यायालयाने एका वर्षापूर्वी ओडिशातील विणकराच्या मुलीला आधार दिला होता. धावपटू द्युती चंद हिच्या शरीरात निसर्गतः असलेल्या एका द्रव्याचे प्रमाण जास्त, म्हणून २०१४ साली तिला स्त्रियांच्या शर्यतींतून वगळले गेले. ती मुकाट्याने घरी बसली नाही. जुलै २०१५ मध्ये लवादाने सांगितले की, या द्रव्यामुळे धावण्यात नेमका किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा महासंघाने दिलेला नाही. सबब तो नियम दोन वर्षे स्थगित. पुढच्या वर्षी द्युती रिओला शंभर मीटरच्या शर्यतीत धावली. हा निकाल काही त्या वादाचा शेवट नव्हता. जागतिक महासंघाने पुढे नवे नियम केले आणि वाद चालूच राहिला. पण नियम करणाऱ्यानेही आपल्या नियमाचा पुरावा दिला पाहिजे, हे एका खेड्यातल्या मुलीने जगाला सांगायला लावले.

आपल्या देशातही कायद्याची पावले हळूहळू मैदानाकडे वळली. १९९३ च्या हिरो चषकाचे सामने घरोघर कोणी दाखवावेत, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांत जुंपली. उपांत्य सामन्यातले सचिन तेंडुलकरचे ते शेवटचे षटक वाचकांना आठवत असेल; पण त्या स्पर्धेतून निघालेला निकाल त्याहून दूरगामी ठरला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या १९९५ च्या त्या निकालपत्राने सांगितले की, आकाशातल्या ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी नव्हे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरविले की, क्रिकेट नियामक मंडळ हे 'राज्यसंस्था' नव्हे, तरी त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येईल. २०१५ साली त्याच न्यायालयाने अधिक स्पष्ट केले: जी संस्था देशाचा संघ निवडते ती सार्वजनिक काम करते, आणि सार्वजनिक काम करणाऱ्याने जाब दिलाच पाहिजे. पालवणकर बंधूंना हवे होते ते हेच वाक्य. ते यायला पाऊणशेहून अधिक वर्षे लागली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला आणि खेळातील तंट्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय न्यायाधिकरणाची तरतूद त्यात घातली. त्याची कसोटी कागदावर लागायची नाही. एखाद्या तालुक्याच्या गावातली, खिशात पैसे नसलेली खेळाडू तिथवर पोचते की नाही, यावर ती लागेल.

आता विद्वानांत एक जुना वाद आहे. 'खेळाचा कायदा' असा काही वेगळा विषय आहे काय, की करार, नुकसानभरपाई, लवाद हे नेहमीचेच कायदे खेळाला लावायचे आणि त्याला नवे नाव द्यायचे? काहींच्या मते हे जुन्याच पिठाचे नवे धिरडे. दुसरे म्हणतात, लोझानच्या निकालांतून खेळाचे म्हणून एक वेगळे विधिशास्त्र घडले आहे, आणि त्याला ते 'लेक्स स्पोर्तिवा' असे लॅटिन नाव देतात. पंडितांचा वाद पंडितांनी सोडवावा. विद्यार्थ्याच्या दृष्टीने सांगायचे तर, एवढ्या थोड्या पानांत माणसाचा लोभ, देशाभिमान, जात, देह, पैसा आणि नियम यांची गाठ घालून देणारा विषय विरळा. आणि खेळाडूचे आयुष्य फार लहान असते. वकिलाला चाळिशीनंतर बहर येतो. मल्लाची आणि धावपटूची कमाई तिशीच्या आसपास संपते. त्याचा एक हंगाम बुडाला, तर कोणतेही न्यायालय तो परत देऊ शकत नाही. म्हणून या विषयात न्याय जितका महत्त्वाचा, तितकाच त्याचा वेळही.

खेळात हार असतेच, आणि खरा खेळाडू तिचे वैषम्य मानीत नाही. समोरच्याने पाठ लावली की, तो अंगावरची माती झटकून हात मिळवतो. त्याच्या जिव्हारी लागते ती गादीवर न झालेली हार: बंद खोलीतल्या कागदाने केलेली, त्याचे म्हणणे न ऐकता केलेली. या विषयाच्या इतिहासात पुष्कळ जण हरले आहेत: मिस स्टोन हरल्या, गुंडेल हरला, नरसिंग हरला. पण त्यांची बाजू कोणीतरी ऐकली, तपासली आणि कारणे देऊन नाकारली. बाळू पालवणकरच्या वाट्याला एवढेही आले नव्हते.

तेव्हा या दिवाळीत फराळाच्या पंगतीत घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने, मला कायदा शिकायचा आहे आणि तोही खेळाचा, असे म्हटले, तर वडीलधाऱ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. हेलसिंकीच्या गादीजवळ अर्ध्या तासाची विश्रांती मागायला ज्याची गरज होती, तो माणूस पुढेमागे कदाचित त्यांच्याच घरातून निघेल.